यादीच्या तळाला बानोआपा

लातुरात तुमचा फोटो फ्लेक्सवर लागला नसेल तर तुम्ही जन्माला आलात याला पुरावा काय, अशी परिस्थिती आहे. चौकाचौकात हसऱ्या मुलांचे फोटो, फोटोखाली मार्क, मार्कांखाली क्लासचं नाव. निकालाच्या दिवसांत सिग्नलचा दिवा दिसत नाही, टॉपर दिसतो. मी अर्धापूरची. आमच्याकडं केळीच्या घडाचेही फोटो काढतात, पण ते निदान विकायचे असतात. या गावात आल्यापासून मला पहिल्या नंबराचं अजीर्ण झालं आहे. म्हणून मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती बाई कायम शेवटच्या नंबरावर असते. स्वतःच्या मर्जीनं असते, हट्टानं असते. आणि त्या जागेपायी तिची नोकरी जायची वेळ आली होती.

तिचं नाव बानो दस्तगीर शेख. आम्ही सगळे आपा म्हणतो. वयानं तिच्याहून मोठे असलेले व्यंकटभाऊही आपाच म्हणतात. मूळची नांदेडची, इतवाऱ्यातली. वडिलांचं शिवणकामाचं दुकान. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ती लातूरला आली, गुरुबसप्पांच्या कंपनीत. कंपनी म्हणजे गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, जिन्यावरच्या दोन खोल्या. आडत दुकानांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो: शेतकऱ्यानं सोयाबीनचे कट्टे किती आणले, वजन किती भरलं, तोलाई-हमाली काय, त्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, संगणकावर निघते. ते सॉफ्टवेअर आपानं लिहिलं. ते दुकानादुकानांत बसवून द्यायचं काम व्यंकटभाऊंचं. आणि ते बंद पडलं की आडत्यांच्या शिव्या फोनवर ऐकायच्या, ते माझं.

गुरुबसप्पांनी मुलाखतीत तिला एकच विचारलं होतं, "टिकाल का, की पुण्याला पळाल?" ती म्हणाली, "खोली मिळाली तर टिकेन." गुरुबसप्पांना वाटलं, मुलगी विनोद करते आहे. फोनवर "या की बघायला" म्हणणारे घरमालक तिचं नाव ऐकलं की "अहो, कालच दिली हो" म्हणायचे. या शहरात एवढ्या खोल्या कालच कशा जातात, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. आपाचं फिरलं नाही. ती रोज नवीन दार वाजवत राहिली. शेवटी तुळजाबाई नावाच्या एका म्हातारीनं विचारलं, "पाण्याची मोटर येळंवर बंद करतीस का?" आपा म्हणाली करते. "मग ऱ्हा." अजून तिथंच राहते.

आता कोड्यांचं सांगते. दर डिसेंबरात एका परदेशी साईटवर नाताळच्या सुट्टीनिमित्त रोज एक कोडं येतं. कोड्याला लांबलचक गोष्ट असते. बर्फात राहणारे बुटके असतात, त्यांचं नेहमी काहीतरी अडलेलं असतं, आणि आपण प्रोग्राम लिहून एक आकडा काढून द्यायचा. आकडा बरोबर आला की नावापुढं एक तारा. बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही, मार्क तर नाहीतच. जगभरातले प्रोग्रामर वेड्यासारखे त्याच्या मागं असतात. आपल्याकडं ते सकाळी साडेदहाला उघडतं, म्हणजे नेमकं आमच्या चहाच्या वेळेला. गुरुबसप्पांनी सुरुवातीला विचारलं, "ह्येचा उपयोग काय?" आपा म्हणाली, "काहीच न्हाई, अप्पा." त्यांना ते उत्तर इतकं आवडलं की डिसेंबरात ते आमच्यासाठी स्वतःच्या पैशानं भजी मागवायला लागले.

मी आणि व्यंकटभाऊ, आम्ही दोघं या कोड्यांवरच प्रोग्रामिंग शिकलो. आपानं शिकवलं. पद्धत तिची. कोडं उघडलं की ती सगळी गोष्ट मोठ्यानं वाचते, पहिल्या शब्दापासून. मी मराठीत सांगते. व्यंकटभाऊ बुटक्यांना हमाल म्हणतात, कारण ते सदैव काहीतरी उचलून इकडून तिकडं नेत असतात. मग ज्यानं त्यानं आपापल्या संगणकावर लिहायचं. अडलं तर विचारायचं, ज्याला नुकतंच कळलं त्यानं सांगायचं; आपाचं म्हणणं असं की नुकतंच कळलेला माणूस सगळ्यांत चांगलं सांगतो, त्याला आपण कुठं अडलो होतो ते आठवत असतं. आणि शेवटचा नियम सगळ्यांत कडक. सगळ्यांना कळेपर्यंत कुणी उत्तर टाकायचं नाही. सगळ्यांना कळलं की ज्याला सर्वांत शेवटी कळलं तो आधी टाकणार.

साईटवर आमच्या गटाची रोज यादी निघते. जो आधी उत्तर टाकील तो वर. त्यामुळं आमच्या यादीत व्यंकटभाऊ रोज पहिले, मी मधे, आणि आपा तळाला. वर्षानुवर्षं हेच.

व्यंकटभाऊंना उशिरा कळतं यात त्यांचा काही दोष नाही. त्यांचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. मोंढ्यात माप मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं पुढं जातं. भाऊ त्या आवाजात वाढले. आपानं त्यांना सांगितलं की संगणक शून्यापासून मोजतो, पहिली वस्तू म्हणजे शून्य. भाऊंनी मनात शून्याच्या जागी लाभ बसवला, आणि पुढं जीभ सवयीनं 'दोन' म्हणाली. त्यांच्या प्रोग्राममध्ये शून्यानंतर थेट दोन. एक नंबरची वस्तू कुणी उचललीच नाही. आठवडाभर आम्ही डोकं खाजवत होतो. ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी आपा हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणाली, "आमच्या अब्बांचं पण तसंच, भाऊ. ते एकला बरकत म्हणतात." तेव्हापासून कुणाचंही उत्तर एकानं चुकलं की आम्ही म्हणतो, "बघ, लाभ राहिला तुझा."

असं आमचं चाललं होतं. मग गुरुबसप्पांचे गुडघे गेले, जिना चढवेना, आणि त्यांनी कंपनी पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीला देऊन टाकली. पुण्याहून मॅनेजर आला. आदर्श त्याचं नाव.

माणूस वाईट नव्हता, हे मी दातओठ खाऊन का होईना, कबूल करते. मूळचा निलंग्याचा, घरी ऊस. लातूरच्या क्लासातून वर गेलेला. एके काळी त्याचाही फोटो चौकात होता म्हणे. केबिन नाही म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं नाही. लॉजवर राहायचा, रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांना समोर बसवून त्यानं सरळ सांगितलं, "आपल्या जुन्या सॉफ्टवेअरच्या जागी जानेवारीपासून पुण्याचं येणार आहे. इथं एक खुर्ची कमी करायची आहे. कुणाची, ते मी डिसेंबर संपायच्या आत कळवायचंय. मी लपवाछपवी करणार नाही."

जुनं सॉफ्टवेअर बंदच होणार होतं, त्यामुळं ते कुणी लिहिलं हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. आणि आपानं आपण होऊन सांगितलं नाही. ती असं सांगत नाही. तिला हलवून सांगायला लावलं तरी "आम्ही लिहिलं" म्हणते.

डिसेंबर लागला. साडेदहाला आम्ही खुर्च्या ओढल्या, आपानं वाचायला सुरुवात केली, तर आदर्श मागं येऊन उभा राहिला. ऐकलं त्यानं थोडा वेळ. मग हसून त्यानं ते अख्खं कोडं उचललं, आपल्या लॅपटॉपवर एआयच्या चौकटीत टाकलं, आणि आमची गोष्ट अजून अर्ध्यात असताना उत्तर आमच्यापुढं धरलं. "एवढ्यासाठी रोज बसता?"

आपानं मान वर केली. "सर, भूक मला लागली. जेवायला दुसऱ्याला बसवू का?"

आदर्श पुन्हा हसला, पण त्यानं ते उत्तर टाकलं नाही. आपल्या जागेवर गेला. जाताना मात्र यादीकडं बघून म्हणाला, "ही रोज निघते? सगळ्यांची? मला दाखवत जा."

आम्हाला वाटलं, गंमत म्हणून बघतोय. मी स्वतःच्या हातानं रोज त्याला यादी छापून देत होते. काही दिवसांनी त्यानं व्यंकटभाऊंच्या पाठीवर थाप मारली. "व्यंकटराव, छुपे रुस्तम निघालात तुम्ही! मी तर तुम्हाला फिरतीवरचा माणूस समजत होतो." भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि त्याच संध्याकाळी, मी कुलूप लावत असताना, तो जिन्यात सहज बोलून गेला, "मला वाटलं होतं, ऑफिस बानो मॅडमवर चालतं. पण यादीत रोज तळाला. एकही दिवस वर नाही. वाईट वाटतं, पण काय करणार."

कुलूप माझ्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी दोघांना सांगितलं. व्यंकटभाऊ कप ठेवून उठलेच. "मी आत्ता जाऊन सांगतो त्याला, यादी खालून वर वाचा म्हणून."

"बसा, भाऊ," आपा म्हणाली.

"कामून बसू? माझ्यापायी तुपली नोकरी जायली!"

"खालून वर वाचली तर तळाला कोण येतं?"

भाऊ पुन्हा बाकावर टेकले. मग हळू म्हणाले, "मी येतो. मग आलो तर आलो. मापाड्याचं पोरगं हाय मी, मोंढ्यात कुठंबी चिकटंल."

आपाला राग आलेला मी फार कमी वेळा बघितला आहे. ती ओरडत नाही, तिचा आवाज खाली जातो. "ही यादी मी कुणाची खुर्ची काढायला केली न्हाई, भाऊ. वरून वाचली तरी न्हाई आणि खालून वाचली तरी न्हाई. त्यांना चुकीचं वाचायचं असंल तर वाचू द्या. मी कुणाला समजवायला जाणार न्हाई, आणि तुम्ही दोघंबी जायचं न्हाई. जबान द्या."

मी दिली. भाऊ चहाचे पैसे द्यायच्या निमित्तानं दुसरीकडं वळले. ते त्या वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी जबान दिली होती ती आदर्शला न सांगण्याची. आपाशी न भांडण्याची नव्हे. रविवारी ती नांदेडला निघाली, मीही अर्धापूरला जायचं म्हणून त्याच एसटीत बसले, आणि अहमदपूर येईपर्यंत तिला एक मिनिट शांत बसू दिलं नाही. एकदा आधी टाक. एकच दिवस. तो बघंल, गप बसंल, मग पुन्हा हवं तर जन्मभर तळाला बस. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला इतका संताप आला की मी अर्धापूरला गेलेच नाही, तिच्याबरोबर इतवाऱ्यात उतरले.

दस्तगीरचाचांच्या दुकानात कापड बेतायचं मोठं टेबल आहे. साडेदहा प्रवासातच टळले होते. रविवारचं कोडं आम्ही त्या टेबलावर बसून सोडवलं. चाचा शिवून झालेले कुर्ते मोजत होते, "बरकत, दो, तीन..." व्यंकटभाऊ रविवारी फोनवर असतात, पण त्या दिवशी त्यांनी "हाव, हाव, बघतो, मला जरा काम हाय" म्हणून फोन ठेवला. आमचं दोघींचं उत्तर तयार होतं. आपानं लॅपटॉप तसाच उघडा ठेवला आणि भाऊंच्या ताऱ्याची वाट बघत आईला भाकरी थापू लागायला आत गेली.

मी चाचांपुढं मन मोकळं केलं. म्हटलं, "चाचा, तुम्हीच सांगा तिला. नोकरी जाईल तिची या हट्टापायी."

चाचांनी कुर्ता घडी करून बाजूला ठेवला. "बेटा, तुला म्हायती न्हाई. ती कॉलेजात होती ना, तवा पाच पोरांत एक कॉम्प्युटर. हिला समजायला जरा वेळ लागायचा. समजतंय समजतंय म्हणेपर्यंत हुशार पोरं करून मोकळी, आणि मशीन बंद. अख्खं साल गेलं, बटनाला हात लागला न्हाई. प्रॅक्टिकलला नापास झाली. घरी येऊन मला म्हणली, अब्बा, मला समजलं होतं, पण मला समजलं तवा बाकीचे उठून गेले होते." ते टेबलावरचा खडू इकडून तिकडं सरकवत बसले. "मी शिंपी माणूस, काय बोलू? ती बोलली, मी कधी मशीन घेतलं तर आधी कुणाला देईन ते बघा. आता तू म्हणतीस, तिला सांगा आधी बटन दाब म्हणून. कसं सांगू मी?"

मीसुद्धा उशिरा समजणाऱ्यांतली आहे. अर्धापूरच्या शाळेत मला कुणी थांबून सांगितलं नव्हतं, आणि या बाईनं वर्षानुवर्षं मला थांबून सांगितलं होतं. हे मला तिथं, त्या कापडाच्या ढिगापाशी, पहिल्यांदा कळलं. मग मला रडू आलं आणि चाचांनी पाणी दिलं.

भाऊंचा तारा दिवस मावळायच्या सुमाराला उमटला. मग मी टाकलं. मग आपानं.

सोमवारी पहाटेची गाडी धरून आम्ही ऑफिसात पोचलो तर आदर्श आमची वाट बघत उभा होता, आणि व्यंकटभाऊ कोपऱ्यात जमिनीकडं बघत. रविवारी भाऊंना काय काम होतं ते लगेच कळलं. ते आदर्शच्या लॉजवर गेले होते आणि सगळं सांगून आले होते, स्वतःची खुर्ची स्वतःच्या हातानं पुढं करून.

"बानो मॅडम," आदर्श म्हणाला, "व्यंकटराव सांगतात, ही यादी उलटी आहे. पण मी ऐकीव गोष्टीवर कागद पाठवू शकत नाही. आज खरी यादी निघू दे. ज्याचं आधी होईल त्यानं आधी टाकायचं. बस्स. मला निवाडा करायला सोपं जाईल."

"न्हाई टाकणार," आपा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई टाकणार, सर. कालपर्यंत टाकलं तसंच आज टाकणार."

"मॅडम, तुम्हाला कळतंय का, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय?"

"कळतंय. तुम्ही माझ्या बाजूनं बोललात की व्यंकटभाऊंच्या विरुद्ध जातंय. तसली बाजू मला नको." तिनं रिकामी खुर्ची ओढली, आमच्या तिघांच्या शेजारी लावली. "तुम्हाला यादी समजून घ्यायची असंल तर लांबून समजणार न्हाई. साडेदहा व्हायला आलेत. बसा."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण निलंग्याचा माणूस, आव्हान दिलं की मागं हटेल कसा? बसला. स्वतःचं नाव गटात घातलं, बाह्या सरसावल्या, लॅपटॉप उघडला. आपा म्हणाली, "एआय नको, सर." "नाही वापरत," तो म्हणाला, जरा दुखावल्यासारखा.

कोडं उघडलं. आपानं नेहमीसारखं पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. बुटक्यांच्या मालाच्या गाड्या बर्फात रांगेत उभ्या, एकेक गाडी फाटकापाशी जाऊन माल उतरवते, फाटक कधी उघडतं कधी बंद होतं, आणि विचारलं होतं की अमुक गाडीची पाळी कधी येईल. मी मराठीत सांगत होते. आदर्श ऐकत नव्हता. तो क्लासात तयार झालेला गडी. तिथं शिकवतातच असं, की प्रश्न पूर्ण वाचायचा नाही, शेवटची ओळ बघायची, उदाहरण बघायचं आणि पेन चालवायचं. गोष्टीत वेळ घालवतो तो मागं पडतो. त्याची बोटं कीबोर्डवर अशी चालत होती की बघत राहावं. आमचं वाचन संपलं तेव्हा त्याचं लिहूनही झालं होतं. त्यानं उत्तर टाकलं.

चूक.

त्यानं ओठ चावला, काहीतरी बदललं, पुन्हा टाकलं. पुन्हा चूक. साईट चुकीच्या उत्तरानंतर थोडा वेळ थांबवून ठेवते, आणि चुका वाढतील तसा तो वेळ वाढवते. तिसऱ्यांदा चूक आल्यावर त्यानं टाय सैल केला.

एव्हाना मला कोडं कळलं होतं. नंतर बराच वेळ आपानं व्यंकटभाऊंशी डोकं लावलं, भाऊ मधेच "लाभ राहिला की काय माझा" म्हणून सगळं पुन्हा तपासत बसले, आणि मग त्यांचाही आकडा आला. आम्ही तिघांनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. भजी आली होती, ती गार व्हायला लागली. फोन वाजत होता. निलंगा रोडवरचा एक आडत्या होता, तो कसल्या शिव्या देणार ते मला तोंडपाठ होतं, म्हणून मी फोन उलटा ठेवला.

आदर्शनं मान वर केली. आम्ही नुसते बसलेलो दिसलो. "टाका ना तुमचं," तो म्हणाला. "झालंय ना?"

"झालंय," आपा म्हणाली. "पण अजून एकाला कळायचंय."

खोलीत कुणी हसलं नाही. मी तर नाहीच नाही, जरी आतून मला नाचावंसं वाटत होतं. आदर्शचे कान लाल झाले. जन्मात कधी त्याच्यासाठी कुणी असं थांबलं नसणार, कारण जन्मात कधी तो मागं राहिलाच नसणार. तो उठून जाईल असं एक क्षण वाटलं. पण व्यंकटभाऊंनी आपली खुर्ची सरकवत त्याच्या शेजारी नेली. त्यांना स्वतःला कळून जेमतेम एक भजं खाऊन झालं होतं.

"सर, गोष्ट वाचली न्हाई तुम्ही."

"गोष्टीत काय असतं हो, व्यंकटराव?"

"हमालाचं अडलंय कुठं, ते गोष्टीतच असतंय. मलाबी आत्ताच घावलं. हे बघा." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "माल उतरवलेली गाडी फाटक उघडंपर्यंत रांगेतच ऱ्हाती. तुम्ही ती उडवून टाकली. मोंढ्यात रिकामी ट्रॉली कुठं हवेत जाती का, सर? ती बी जागा अडवून उभीच असती की."

आदर्श पडद्याकडं बघत राहिला. मग कपाळावर हात मारून खरंखुरं हसला. "आमच्या उसाच्या गाड्या! कारखान्यावर खाली झालेल्या गाड्यांमुळंच तर भरलेल्या अडकतात. वडील आयुष्यभर त्याच्याच नावानं बोटं मोडत आले." त्यानं एक ओळ बदलली. आकडा आला. साईट प्रत्येकाला वेगळी आकडेवारी देते, उत्तरंही वेगळी येतात; म्हणून भाऊंनी आकडा नाही, त्याचा प्रोग्रामच ओळीनं तपासला आणि मान डोलावली.

आदर्शचा हात कीबोर्डवर गेला आणि तसाच थांबला. "आता आधी कुणी टाकायचं?"

"तुम्ही," आपा म्हणाली.

त्यानं टाकलं. तारा उमटला. मग भाऊंनी टाकलं, मग मी, मग आपानं. मी न सांगता यादी छापायला दिली. आमचा प्रिंटर जुना आहे, कागद बाहेर टाकायला फार वेळ लावतो, आणि तेवढा वेळ सगळे त्याच्याकडं बघत उभे होते. आपानं कागद उचलला आणि आदर्शच्या हातात दिला. सगळ्यांत वर आदर्श. मग व्यंकट. मग दीपमाला, म्हणजे मी. तळाला बानो.

"पुण्याला यादी पाठवायची होती ना, सर? आजची पाठवा," ती म्हणाली. आवाज खाली गेलेला होता. "वरचं नाव बघून ते तुम्हाला लई हुशार म्हणतील. आणि उद्या कुणी त्यांना सांगितलं की यादी उलटी हाय, तर तुमचीच खुर्ची आधी काढतील. दोन्ही सारखंच खोटं. तुम्ही आज हुशार झालात न्हाई आणि ढ झालात न्हाई. तुम्हाला एक गोष्ट कळली, एवढंच झालं. ते या कागदावर कुठं दिसतंय ते मला दाखवा, मी आत्ता खुर्ची खाली करते."

आदर्शनं कागद वाचला. उलटा धरून वाचला, म्हणजे खरंच उलटा, खालची बाजू वर करून. मग विचारलं, "मॅडम, तुम्हाला नेमकं कधी कळलं होतं आज?"

"ते सांगायची पद्धत न्हाई आमच्यात."

त्यानं त्या कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. दुपारी त्यानं आडत दुकानांची फाईल मागितली, जुनं सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत आम्हा तिघांना एकेक करून शेजारी बसवून विचारत राहिला, की हे कसं चालतं, हे कुणी केलं, हे कुणाला दुरुस्त करता येतं. हे त्यानं पहिल्या दिवशी करायला हवं होतं, असं मी त्याच्या तोंडावर बोलले. तो "हाव" म्हणाला. पुण्याहून आल्यापासून त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'हो' सोडून आमच्याकडचं 'हाव' निघालं.

पुण्याला त्यानं काय लिहून पाठवलं मला माहीत नाही. खुर्ची कमी झाली नाही. नवं सॉफ्टवेअर आलं ते मोंढ्यातल्या तोलाईपाशी येऊन अडकलं, आणि आपाचं अजून चालू आहे. पुढच्या वर्षी वरून पुन्हा कुणीतरी फूटपट्टी घेऊन येईल, ही काळजी मला आहे, तिला नाही. तिला विचारलं तर म्हणते, "येऊ दे. खुर्ची लावू, बसवू."

यंदाही डिसेंबर लागला आहे. आदर्श साडेदहाला आपला कप घेऊन येतो आणि आता गोष्ट पूर्ण ऐकतो. तरी आठवड्यातून एखाद्या दिवशी सगळ्यांत वर त्याचंच नाव असतं, आणि त्या दिवशी भजी त्याच्याकडून. समोरच्या चौकात नव्या क्लासचा नवा फ्लेक्स लागला आहे, माणसाच्या दुप्पट उंचीचा टॉपर. आमची यादी मी आता रोज छापून ऑफिसच्या दारावर बाहेरून चिकटवते, जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. बानो दस्तगीर शेख, तळाला. कुणाला वाचून हसायचं असेल त्यानं हसावं, आणि मग आत येऊन बसावं.